जुना टू-इन-वन भुंग्यासारखा घुमायला लागतो तेव्हा

खालच्या मजल्यावरचे तात्या जूनअखेरीस आमच्या दारात उभे राहिले ते टॉवेलात गुंडाळलेला टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र) दोन्ही हातांनी धरून, तान्हं बाळ धरावं तसा.

"पोरी, बघ गं जरा. बातम्या कमी आणि भुंगा जास्त ऐकू येतोय."

मी ५८ वर्षांची, पण तात्यांच्या लेखी पोरगीच.

"कधीपासून, तात्या?"

"दिवाळीपासून थोडा थोडा होताच. पाऊस लागल्यापासून फारच. आणि कॅसेट लावली की गाणारा दारू प्यायल्यासारखा गातो."

अर्धं निदान इथेच झालं. हळूहळू वाढत गेलेला भुंगा म्हणजे बहुतेक सप्लायचा कपॅसिटर (वीज साठवून सपाट करणारा पार्ट), आणि झिंगलेली कॅसेट म्हणजे बेल्ट (कॅसेट फिरवणारा रबरी पट्टा). तेच जर "काल लाइट जाऊन आली आणि तेव्हापासून मुका झाला" असं म्हणाले असते तर मी वेगळीकडे बघितलं असतं. म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी मालकाची उलटतपासणी करायची. पडला होता का? पाणी सांडलं होतं? सेल किती वर्षं आत राहिले? एकदम बंद पडला की कुरकुरत? थापटल्यावर चालू होतो का? या शेवटच्या प्रश्नाला लोक लाजून "हो" म्हणतात. लाजायचं कारण नाही. थापेने चालू होणारं यंत्र म्हणजे कुठेतरी कच्चा सांधा, आणि ती सगळ्यात स्वस्त दुरुस्ती.

आता मी कोण ते सांगते. मी खारीगावात राहते, कळव्याला. रबाळ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत २१ वर्षं टच-अपच्या टेबलावर होते. ट्रान्स-हार्बर लोकल २००४ साली आली. त्याआधी कळवा नाक्यावरून ठाणे-बेलापूर रोडने बस, आणि दिघ्यापर्यंत उभ्याने. वेव्ह मशीनमधून सर्किट बोर्ड सोल्डर होऊन, म्हणजे पार्टांचे पाय वितळलेल्या धातूने जोडले जाऊन, बाहेर यायचे, त्यावरचे कच्चे डाग भिंगातून शोधून पक्के करायचे, हे आमचं काम. आम्ही सगळ्या बाया. सर्किट डिझाइन करणारे साहेब वर केबिनमध्ये, पण बोर्ड का चालत नाही हे बरेचदा आधी आम्हाला दिसायचं. कंपनी गेली, नजर राहिली.

त्या नजरेने सांगते: जुन्या वस्तूत आयसी (चिप) सगळ्यात शेवटी मरते. जे हलतं, जे तापतं आणि जे ओलं होतं, तिथे आधी बघायचं. म्हणजे वायर जिथे वाकते ती जागा, स्विच, व्हॉल्यूमचं बटण, बेल्ट, सेलचे पत्रे, ट्रान्सफॉर्मरशेजारचे कपॅसिटर, जड पार्टचे सांधे. एवढं नीट पाहिलं तरी माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक वस्तू चालू होतात.

कुठे हात घालायचा नाही

मायक्रोवेव्ह उघडायचा नाही. आतल्या कपॅसिटरवर हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते राहू शकतात. जुना डब्बा टीव्हीही नको. रंगीत पिक्चर ट्यूबला २० ते २५ हजार व्होल्ट लागतात आणि ट्यूबची काचच ते साठवून ठेवते. शिकलेला माणूस शेजारी असल्याशिवाय मागचं झाकण काढू नका. सुरुवात सेलवर चालणाऱ्या किंवा ट्रान्सफॉर्मर असलेल्या वस्तूंपासून करा: रेडिओ, टू-इन-वन, जुना अॅम्प्लिफायर, रिमोट.

डीव्हीडी प्लेअर, सेट-टॉप बॉक्स, अडॅप्टर यांत मोठा ट्रान्सफॉर्मर नसतो. त्यांचा सप्लाय वेगळ्या जातीचा, एसएमपीएस. घरातले २३० व्होल्ट त्यात थेट डीसी (एकाच दिशेची वीज) होतात आणि मोठ्या काळ्या कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट जमा होतात. "आपण कंपनीत काम केलेली बाई, आपल्याला काय होतंय" अशा तोऱ्यात मी एकदा तसा बोर्ड नुकताच प्लग काढून उचलला. हात मागच्या मांडणीवर असा आपटला की साखरेचा डबा खाली. सासूबाई आतून म्हणाल्या, "काय सांडलंस गं?" मी म्हटलं, "साखर." बाकीचं त्यांना कधी सांगितलं नाही.

तेव्हापासून रीत ठरलेली आहे. प्लग काढायचा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. मग ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब होल्डरमध्ये लावून त्याच्या दोन इन्सुलेटेड वायरी कपॅसिटरच्या दोन पायांना तीन-चार सेकंद टेकवायच्या. मग मीटरने (मल्टिमीटरने) मोजायचं. शून्याच्या जवळ आल्यावरच बोट लावायचं. काही जण स्क्रूड्रायव्हर आडवा घालून ठिणगी काढतात. त्यात बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्या उडतात आणि काळीजही. पायात चप्पल, हात कोरडे, आणि चालू यंत्रात मोजताना डावा हात पाठीमागे. पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघरातली फरशी घामेजते, त्या दिवसांत मी मेनवर चालणारं काही उघडत नाही.

सिरीज बल्ब

हजाराच्या मीटरआधी हे पन्नास-शंभर रुपयांचं साधन करून घ्या. लाकडी फळीवर एक होल्डर आणि एक सॉकेट. मेनची फेज वायर आधी बल्बमधून जाऊन मग सॉकेटला पोचते. न्यूट्रल आणि अर्थ सरळ. होल्डरमध्ये १०० वॉटचा तारेचा बल्ब. एलईडी चालत नाही, तो यात काही बोलत नाही.

संशयित वस्तू या सॉकेटला लावायची. बल्ब भक्कन पूर्ण पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. थेट मेनवर लावली असती तर फ्यूज उडाला असता किंवा धूर निघाला असता. क्षणभर चमकून मंदावला तर सप्लाय ठीक दिसतोय. अजिबात हललाच नाही तर वायर, स्विच, फ्यूज यांत कुठेतरी तुटलंय, किंवा वस्तू इतकी कमी वीज खाते की बल्बला त्याचा पत्ताच नाही. छोट्या रेडिओचं असंच होतं. यामुळे वस्तू वाचते, तुम्ही नाही. शॉक बल्बमधूनही तितकाच बसतो.

उघडताना

स्क्रू काढायच्या आधी मोबाइलवर फोटो. झाकण काढल्यावर फोटो. कुठली वायर कुठे जाते त्याचा फोटो. मी तर वायर उपसायच्या आधी तिच्यावर दोऱ्याची गाठही मारते, एक गाठ, दोन गाठी. स्क्रूंसाठी जुनं इडलीपात्र. पहिल्या खळग्यात मागच्या झाकणाचे, दुसऱ्यात बोर्डाचे, तिसऱ्यात कॅसेटच्या यंत्रणेचे. जमवताना उलट्या क्रमाने. टू-इन-वनमध्ये चार लांब आणि दोन आखूड स्क्रू असतील आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला तर तो बोर्डात घुसतो, म्हणून हा खटाटोप.

तात्यांच्या टू-इन-वनचं झाकण निघालं तेव्हा आत तीस वर्षांची धूळ, पालीच्या दोन अंड्यांची टरफलं, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलेलं: "१४-८-९१ ए.सी. वायर बदली." कुणा मेकॅनिकने स्वतःसाठी ठेवलेली नोंद. अक्षर सुंदर.

मऊ ब्रशने धूळ काढा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा उडतो. आणि मग वास घ्या. जळलेला ट्रान्सफॉर्मर गोडसर-करपट वार्निशसारखा येतो. जळका रेझिस्टर तिखट. गळालेला कपॅसिटर कुजक्या माशासारखा, आणि हे मी कळव्यात खाडीच्या काठी राहून म्हणतेय, म्हणजे तुलना विचारपूर्वक आहे.

भुंगा

आता मूळ दुखणं. मेकॅनिक लोक याला हमिंग म्हणतात. कॉइल किंवा आयसीकडे वळायच्या आधी दोन चाचण्या करा, पैसे लागत नाहीत.

पहिली: आवाजाचं बटण पूर्ण शून्यावर आणा. भुंगा तसाच राहिला तर तो सप्लायमधून किंवा शेवटच्या अॅम्प्लिफायरमधून येतोय. बटणाबरोबर कमी-जास्त होत असेल तर दोष बटणाच्या आधी आहे, म्हणजे टेपच्या हेडची (टेप वाचणाऱ्या भागाची) तुटलेली शील्ड वायर, सुटलेली अर्थ, असलं काही.

दुसरी चाचणी माझी आवडती. वायर काढा आणि सेलवर लावा. तात्यांच्या यंत्रात सहा मोठे सेल बसतात, ९ व्होल्ट. सेलवर निवेदिका स्वच्छ बोलायला लागली, भुंगा गायब. म्हणजे रेडिओ ठणठणीत. दोष ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कपॅसिटर या तिघांतच. पन्नास पार्टांचा संशय तीन-सहा पार्टांवर आला.

ट्रान्सफॉर्मर २३० चे ९ व्होल्ट करतो. चार डायोड उलटसुलट वीज एका दिशेला वळवतात. पण ती अजून सेकंदाला शंभर वेळा वर-खाली होत असते. ती सपाट करायचं काम मोठ्या कपॅसिटरचं. नळाला पाणी धो धो आलं-गेलं तरी टाकीमुळे बाथरूममध्ये धार एकसारखी राहते, तसं. आता ही टाकी आतून वाळली तर? कपॅसिटरमध्ये ओला रासायनिक द्रव असतो, तो उष्णतेने वर्षानुवर्षं उडून जातो. टाकीची तपेली होते, आणि ते शंभरचे धक्के थेट स्पीकरला पोचतात. तोच भुंगा.

मोजताना एक मेख आहे. कपॅसिटरच्या दोन पायांवर मीटर एसी व्होल्टवर ठेवून धक्के मोजायचे असतात, पण स्वस्तातले काही मीटर एसीच्या रेंजवर डीसीलाही एसी समजून भलताच आकडा देतात. आधी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी एसी रेंजवर लावून बघा, मग वायरी उलट करून बघा. दोन्ही वेळा शून्य आलं तर मीटर शहाणा. एका बाजूने वीसच्या आसपास दाखवलं तर मीटरच्या लाल वायरीत ०.१ मायक्रोफॅरडचा (हे कपॅसिटरच्या साठवणुकीचं माप) छोटा कपॅसिटर सिरीजमध्ये घाला, म्हणजे डीसी अडेल.

तात्यांच्या यंत्रात २.४ व्होल्ट आले. एवढे असायला नकोत. कपॅसिटर होता १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा. वरून फुगलेला नव्हता, पण बुडाशी बोर्डावर तपकिरी डाग. फुगवटा दिसला तरच खराब, असं समजू नका. जुने बहुतेक फुगत नाहीत, वाळतात.

बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच ठेवा, व्होल्ट मात्र वरचे चालतात, आणि मी वरचेच घेते. ट्रान्सफॉर्मर ९ चा असला तरी कमी लोडवर डीसी ११-१२ पर्यंत चढते, शिवाय आमच्याकडे रात्री व्होल्टेजही चढतं. म्हणून २५ व्होल्टचा लावला. अंगावर ८५ किंवा १०५ अंश लिहिलेलं असतं. १०५ चा घ्या. कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी खाली आलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा ठोकताळा आहे. दुकानात जुना माणूस असेल तर "कंडेन्सर" म्हणा, तेच ते. आणि अंगावरची फिकट पट्टी म्हणजे उणे बाजू. उलटा बसला तर फुटतो, आणि फुटताना फटाक्यासारखा फुटतो. बसवल्यावर तोंड लांब ठेवून, सिरीज बल्बमधून पहिल्यांदा चालू करा.

नवा लावल्यावर मीटरने ०.३ दाखवले. भुंगा गेला. तात्या सोफ्यावरून म्हणाले, "बंद पडला का?" त्यांना शांततेची सवय राहिली नव्हती.

कच्चा सांधा

कपॅसिटर काढण्यासाठी बोर्ड उलटा केलाच होता, म्हणून सवयीने भिंग फिरवलं, आणि नजर जॅकच्या सांध्यांवर अडली. इथे जरा थांबते, कारण हे माझं शेत आहे.

पक्का सोल्डर सांधा कसा दिसतो? पाय मधून वर आलेला, त्याच्याभोवती सोल्डर उतरत उतरत पट्टीवर पसरलेलं, देवळाच्या कळसाखालच्या शिखरासारखं. चकचकीत. कच्चा सांधा मोत्यासारखा गोल, पट्टीला टेकलेला पण चिकटलेला नाही. आणि तडकलेला सांधा सगळ्यात फसवा: वरून छान, पण पायाभोवती केसाएवढी काळी गोल रेघ, बांगडीसारखी. बोर्ड दिव्याखाली तिरका करत फिरवला तरच ती दिसते, सरळ बघून नाही. ही बांगडी कुठे होते ते ठरलेलं आहे. वायरीचा सॉकेट, हेडफोनचा जॅक, ट्रान्सफॉर्मरचे पाय, पत्र्याला स्क्रूने कसलेली आउटपुट आयसी, तापणारे रेझिस्टर. रोज तापून-थंड होऊन धातू फुगतो-आकसतो आणि सांधा थकतो.

एका नातलगाचा स्टिरिओ होता, डावा स्पीकर मधूनच जायचा. मी अॅम्प्लिफायरची आयसी बदलली. दोन दिवस चालला, पुन्हा गेला. मला वाटलं नकली आयसी मिळाली, म्हणून मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या पार्टबाजारात जाऊन दुसरी आणली. चार दिवस चालला. शेवटी कांद्याची साल निघावी तसा शहाणपणा निघाला: आइस्क्रीमची लाकडी काडी घेऊन चालू यंत्रात एकेक पार्ट हलका दाबत गेले, आणि स्पीकरच्या जॅकचा पाय दाबल्यावर आवाज परत. काळी बांगडी. २१ वर्षं जे काम केलं तेच करायचं विसरले होते. काडीची चाचणी सेलवर किंवा ट्रान्सफॉर्मरच्या कमी व्होल्टच्या बाजूलाच करायची, हे लक्षात ठेवा.

सोल्डरिंग शिकायचं असेल तर कल्हईवाला आठवा. भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, धूर निघाला की कथील फिरवायचा. आपलं तेच आहे. नवसागराच्या जागी राळ, कथलाच्या जागी ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं असलेली तार. माझी आजी याला डाख म्हणायची. २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न पुरते. तिच्या टोकालाही कल्हई लागते: टोक काळं पडलं की उष्णता पुढे जात नाही, म्हणून ओल्या स्पंजवर पुसून लगेच थोडी तार वितळवून चमकवून ठेवायचं. टोक पाय आणि पट्टी दोघांना एकदम टेकवा, एक सेकंद, मग तार दुसऱ्या बाजूने लावा, टोकावर नाही. सोल्डर स्वतः पळत जाऊन पायाला मिठी मारतं. तार काढा, मग आयर्न काढा, आणि थिजेपर्यंत हलवू नका. सगळं तीन सेकंदांत. जास्त वेळ टेकवलं तर जुन्या बोर्डाची तांब्याची पट्टी सोलून वर येते. तडकलेल्या सांध्यावर नुसतं नवं सोल्डर थापू नका. सकरने (वितळलेलं सोल्डर ओढणाऱ्या पंपाने) जुनं ओढून घ्या, मग नवं घाला. धूर नाकात घेऊ नका, खिडकी उघडी ठेवा. आणि शिसं आहे, त्यामुळे साबणाने हात धुतल्याशिवाय डब्यातल्या चकलीला हात लावायचा नाही.

खरखर आणि हिरवा गंज

बटण फिरवताना खरखर येते ती आतल्या कार्बनच्या पट्टीवरच्या मळामुळे. प्लग काढून, बटणाच्या पत्र्याच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एकच फवारा, आणि मग वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. सुकू द्यायचं. शिलाई मशीनचं तेल घालू नका. मी सुरुवातीला घातलं होतं. आठवडाभर मऊ चाललं, मग धूळ धरून चिखल झाला आणि बटणच बदलावं लागलं. बँड बदलायच्या सरकत्या स्विचला हाच उपाय. खाडीच्या वाऱ्याला असलेल्या घरांत चांदीची पैंजणं जशी काळी पडतात तसे या स्विचचे चांदीचा मुलामा दिलेले आतले पत्रेही पडतात, त्यामुळे मिडियम वेव्ह लागते पण एफएम नाही, असली कोडी तयार होतात. दहा वेळा इकडे-तिकडे सरकवलं की निम्मी कोडी तिथेच सुटतात.

सेलच्या पत्र्यावर गळती असेल तर आधी सेल कुठला ते बघा. साध्या स्वस्त सेलची गळती आम्लाकडे झुकणारी, तिला खायच्या सोड्याचं पाणी. अल्कलाइन सेलची पांढरी भुकटी उलट जातीची, तिला लिंबू किंवा व्हिनेगर. कापसाच्या बोळ्याने, थेंबथेंब, बोर्डावर ओघळू न देता. मग ओल्या फडक्याने पुसायचं, कोरडं करायचं आणि हिरवं उरलेलं बारीक पॉलिश पेपरने घासायचं.

बेल्ट

कॅसेटचा बेल्ट बोट लावल्यावर डांबरासारखा चिकटला. जुनं रबर असंच विरघळतं. तो काळा लगदा पुलीच्या खाचेतून स्पिरिटमध्ये भिजवलेल्या इअरबडने पूर्ण काढावा लागतो. थोडा राहिला तरी नवा बेल्ट तिथे उड्या मारतो. तासभर मोडतो, आणि बोटं दोन दिवस काळी. नवा घेताना जुन्याची लांबी उपयोगाची नाही, तो ताणलेला असतो. पुल्यांवरून दोरा फिरवून घेर मोजा आणि त्याहून थोडा लहान बेल्ट घ्या, हलका ताण राहील इतकाच. फार घट्ट असेल तर मोटर कण्हते.

झाकण उघडं आहे तोवर हेड, त्याच्याशेजारची चकचकीत कांडी आणि तिच्यावर दाबणारं रबरी चाक, तिन्ही स्पिरिटने पुसून घ्या. चाक नीट सुकेपर्यंत कॅसेट लावू नका. पहिली कॅसेट नावडती लावायची, म्हणजे यंत्राने टेप गिळली तरी दुःख नाही. गती तपासायला तेच गाणं मोबाइलवर एकाच वेळी सुरू करते. दोन्ही बरोबर चालली तर झालं. एक पुढे पळत असेल तर बऱ्याच मोटरींच्या पाठीला बारीक भोक असतं, आत छोटा स्क्रू; घड्याळवाल्याच्या स्क्रूड्रायव्हरने तो अगदी तीळभर फिरवायचा. कॅसेटची ठरलेली गती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर आहे, पण ती मोजायला कोण बसतंय.

बाकीचं, भराभर

रिमोट चालत नसेल तर मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. टोकाचा दिवा जांभळट लुकलुकला तर रिमोट चांगला, दोष टीव्हीत. ठरावीक बटणंच मुकी असतील तर उघडून बोर्ड आणि रबराचे काळे ठिपके हलक्या हाताने पुसा; तिथे वर्षानुवर्षांचं तेल-तूप असतं.

पंखा हळू फिरतो आणि रेग्युलेटर पाचवर नेऊनही जोर येत नाही, तर बहुतेक कपॅसिटर. छताच्या पंख्याला साधारण २.५ मायक्रोफॅरडचा असतो, जुन्याच्या अंगावरचा आकडा बघून तेवढाच आणा. एमसीबी पाडून मगच वर चढा, नुसत्या बटणावर विसंबू नका, काही घरांत वायरिंग उलटं असतं.

सेट-टॉप बॉक्सचा दिवा लुकलुकतो, अडॅप्टर टिक-टिक करतो, चालू होतो न होतो: कमी व्होल्टच्या बाजूचे फुगलेले कपॅसिटर. तिथे साधे चालत नाहीत, लो-ईएसआर (आतला अडथळा कमी असलेले) म्हणून मागा.

मिडियम वेव्हवर नुसतीच खरखर येत असेल तर रेडिओ उघडायच्या आधी घरातले एलईडी बल्ब आणि मोबाइलचे चार्जर एकेक करून बंद करा. दोषी बरेचदा तेच निघतात. मग रेडिओ जागच्या जागी गोल फिरवा, आतली अँटेनाची काळी कांडी एका दिशेला जास्त ऐकते.

पार्ट ठाण्यात स्टेशनच्या आसपास मिळतात, नाही मिळाले तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड. जुना पार्ट बरोबर न्यायचाच, नाव वाचता येत नसलं तरी. दुकानदाराला "रेडिओचा ट्रान्झिस्टर द्या" म्हणालात तर तो तुमच्याकडे बघून हसेल. आणि एक मागायचं असेल तर दोन घ्या. पाच रुपयांच्या पार्टसाठी दुसऱ्यांदा लोकलचा प्रवास परवडत नाही.

नाही म्हणायलाही शिका. मेनचा ट्रान्सफॉर्मर जळालेला असेल आणि त्या मापाचा मिळत नसेल, एलसीडीच्या पडद्यावर उभी रेघ आली असेल, बोर्डाची पट्टी पाण्याने खाऊन टाकली असेल, तर मी वस्तू परत देते. दोघांचा वेळ वाचतो.

जोडणी झाल्यावर लगेच वस्तू परत देत नाही. निदान दोन तास चालू ठेवते, पहिला अर्धा तास समोर बसून. मग प्लग काढून ट्रान्सफॉर्मरला हात लावून बघते. कोमट ठीक, हात ठेवता येत नसेल तर लोड कुठेतरी जास्त जातोय. तात्यांचा टू-इन-वन सकाळी लावला, ५५८ किलोहर्ट्झवर आकाशवाणीची अस्मिता वाहिनी, कुकरच्या शिट्ट्या मोजत ऐकली. दुपारपर्यंत भुंगा नाही, वास नाही, ट्रान्सफॉर्मर कोमट.

झाकण बंद करायच्या आधी पेन्सिल घेतली आणि त्या सुंदर अक्षराच्या खाली माझ्या वाकड्या अक्षरात तारीख घातली. पुढे लिहिलं: "१०००/२५ कंडेन्सर नवा. बेल्ट नवा. जॅकचे सांधे पक्के केले." मग इडलीपात्रातून लांब स्क्रू उचलले.